रेकॉर्ड जमवायला सुरुवात करायची का? करायची!

आज ठाण्यात एका हस्तकलेच्या प्रदर्शनाला गेले होते. एका स्टॉलवर भिंतीवरची घड्याळं मांडली होती, एल.पी., म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्ड, कापून केलेली. कुठे गिटारचा आकार, कुठे उंच इमारतींची रांग, कुठे नाचणारी मुलगी. मधलं लेबल तसंच ठेवलेलं आणि भोकातून काटे बाहेर काढलेले. मला वाटलं, परदेशातून आलेल्या भंगारातल्या असतील. जवळ जाऊन एक लेबल वाचलं. ई.ए.एल.पी.ने सुरू होणारा नंबर. म्हणजे आपल्याकडची, शास्त्रीय गाण्याची एच.एम.व्ही. कंपनीची एल.पी. गाणाऱ्याच्या नावावरून मिनिटकाटा फिरत होता.

स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, "कापायच्या आधी वाजवून बघितली होती का ही?"

ती म्हणाली, "मॅडम, आम्ही किलोवर घेतो."

त्या मुलीवर माझा राग नाही, ती पगारावर उभी होती. पण संताप इतका झाला की बाहेर येऊन दहा मिनिटं नुसती उभी राहिले. रेकॉर्ड जमवायच्या का नाही, यावर आमच्या घरी बरेच दिवस घोळ चाललाय. नवरा म्हणतो जागा कुठे आहे, लेक म्हणते सगळं फोनवर आहे, आणि मी आपली ठरवू ठरवू म्हणत होते. आज ठरलं. घ्यायच्या.

तुमच्यातल्या जुन्या मित्रमैत्रिणींना माझी मिरजेची आत्या आठवत असेल. दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर तिचं माडीचं घर होतं आणि माडीवर तिचा चार वेगांचा रेकॉर्ड प्लेअर. माडीची जमीन लाकडी. कुणी चाललं की फळ्या हलायच्या आणि सुई उडायची. त्यामुळे आत्याचा एकच नियम होता: बाजू संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. तहान लागली तरी नाही, खाली दार वाजलं तरी नाही. सुट्टीत आम्ही सात-आठ चुलत-आते भावंडं सतरंजीवर मांडी घालून बसायचो. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्डीला सुटका लवकर व्हायची, तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपली. एल.पी. लागली की वीस-बावीस मिनिटं. संथ लयीत उलगडणारा विलंबित ख्याल म्हणजे काय हे मला तिथे, पायाला मुंग्या आलेल्या असताना कळलं. नंतर कधीही, कुठल्याही महागड्या हेडफोनवर मी तितकं ऐकलेलं नाही. कारण हेडफोनवर मी भाजी चिरते, मेल बघते, आणि स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, संपायच्या आत पुढचं लावते.

हे मला महत्त्वाचं वाटतं. रेकॉर्डचा आवाज "वॉर्म" असतो वगैरे जे चाललेलं असतं ते मला सांगू नका. हल्ली छापल्या जाणाऱ्या कित्येक नव्या रेकॉर्ड डिजिटल फाइलवरूनच बनवलेल्या असतात. अडीच-तीन हजार रुपये मोजून तुम्ही तीच फाइल सुईने ऐकता. ज्यांना त्यात आनंद आहे त्यांनी खुशाल घ्यावा. पण त्याहून मला चीड येते ती सीलबंद रेकॉर्ड "इन्व्हेस्टमेंट" म्हणून कपाटात ठेवणाऱ्यांची. प्लॅस्टिकसुद्धा फाडत नाहीत, भाव वाढेल म्हणून. गाणं ऐकायचंच नसेल तर सोनं घ्या ना, त्याला कोण नको म्हणतंय!

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर सगळं आहे. आहे, मान्य. मीही तिथेच ऐकते. पण ते तिथे आलं कुठून? किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या ओडियन कंपनीच्या रेकॉर्ड आज फोनवर वाजतात, कारण कुणीतरी त्या सत्तर-ऐंशी वर्षं फुटू दिल्या नाहीत. लाखेच्या त्या रेकॉर्डी, हातातून पडल्या की ठिकऱ्या. कुणाच्या तरी काकांनी, कुणाच्या तरी निवृत्त मास्तरांनी त्या पुसून, कागदात गुंडाळून ठेवल्या, मग कुणीतरी बसून त्यांचं रेकॉर्डिंग केलं आणि आपल्याला फुकट ऐकवलं. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची मंडळी १९९० पासून हेच करतायत, लेबलांवरचे नंबर जुळवून याद्या करतायत, सभा घेऊन ऐकवतायत. आपण फोनवर बोट टेकवतो त्याच्या मागे यांची कपाटं आहेत. आणि ज्या रेकॉर्डीचं घड्याळ झालं ती कुठल्याच कपाटात पोचली नाही, तर फोनवर तरी कशी येणार?

आत्या गेली तेव्हा मी परदेशात होते. घर आठ दिवसांत रिकामं केलं नातेवाइकांनी. पुस्तकं रद्दीवाल्याने किलोवर नेली. रेकॉर्डी बघून तो म्हणाला, याला भाव नाही, फुकट नेतो. आणि आमच्या लोकांनी दिल्या! वर त्याचे आभार मानले, माडी मोकळी केली म्हणून. ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं, आज मात्र रागच येतोय. ज्या बाईने आयुष्यभर तबकडीच्या काळ्या भागाला बोट लावलं नाही, कडेने आणि मधल्या लेबलाला धरून उचलली, मलमलचा तुकडा फिरवल्याशिवाय सुई टेकवली नाही, तिच्या रेकॉर्डी गोणीत भरून जिन्यावरून खाली गेल्या. आजचं ते घड्याळ तिच्याच घरचं असेल असं मी म्हणत नाही. पण नसेल कशावरून?

एकच गोष्ट शिल्लक राहिली. तिची वही. कुणी कुठली रेकॉर्ड नेली, कधी आणून दिली, हे ती लिहून ठेवायची. गल्लीतले लोक न्यायचे, संगीताच्या क्लासचे मास्तर न्यायचे. एका नावापुढे "ओरखडा आला, पुन्हा देऊ नये" असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. त्या वहीवरून तिच्याकडे काय काय होतं ते बऱ्यापैकी कळतं. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, गीतरामायणाच्या एल.पी., भावगीतांच्या छोट्या रेकॉर्डी. माझी यादी तीच. मला बीटल्स नकोत, जॅझ नको, नव्या सिनेमांच्या रंगीत व्हायनिल रेकॉर्डी तर नकोतच. आत्याच्या वहीतलं जे मिळेल ते, आणि पहिल्या पावसात भंगारात जायला निघालेलं जे मराठी असेल ते.

केसरबाईंचं नाव आलंय तर सांगतेच. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. पृथ्वीवर काय काय आहे हे कधीकाळी कुणाला सापडलंच तर कळावं म्हणून. त्या तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. सूर्यमालेच्या बाहेर नेऊन ठेवण्यासारखी वस्तू वाटली ती त्या लोकांना. आणि इथे आपण गाण्याच्या रेकॉर्डी लेझरने कापून त्यांची गिटारं करतो. मला यावर शांतपणे लिहिता येत नाही, माफ करा.

मागची बाजूसुद्धा आठवते मला. कव्हरची. आत्या बाजू बदलताना ती वाचून दाखवायची: राग कुठला, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बंदिश कुणाची. आज ॲपवर मराठी भावगीत लावा, गीतकाराचं नाव शोधून दाखवा. संगीतकार असला तर असला. साथीदार तर नाहीतच. ज्या माणसाने ते शब्द लिहिले त्याचं नाव छापायला पुठ्ठ्याच्या कव्हरवर जागा होती, आणि स्क्रीनवर नाही? हे आपण चालवून घेतलंय, निमूटपणे.

अडचणी आहेत, त्या मला दिसतात. जागा लागते, पैसे लागतात. मुंबई-कोकणातला पावसाळा कव्हरांना बुरशी आणतो. जुन्या रेकॉर्डीत निम्म्या घासलेल्या निघतात. प्रत्येक जुनी रेकॉर्ड वाचवण्यासारखी असते असंही नाही, भिकार गाणी तेव्हाही निघायची. ठीक आहे. पण वाजवून बघितल्याशिवाय ते कुणी ठरवायचं नाही, एवढंच.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी, विचारपूस करून मला जे समजलं ते लिहिते. पाच-सात हजारांत मिळणारे ते गोंडस सुटकेससारखे प्लेअर घेऊ नका. त्यांच्या सुई धरणाऱ्या दांडीचा भार सुईवर फार पडतो आणि जुनी रेकॉर्ड खरवडली जाते. दांडीच्या मागच्या टोकाला वजन सरकवून भार दोन ग्रॅमच्या आसपास आणता येतो असाच घ्या, त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डींना एल.पी.ची सुई चालत नाही, त्यांच्या खोबणी रुंद असतात, सुई वेगळी लागते. रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब, वाकतात. घेताना उजेडात तिरकी धरून बघा. शोधायच्या कुठे? मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, आणि गावोगावचे रद्दीवाले. ऱ्हिदम हाउस हे मुंबईतलं गाण्यांचं जुनं दुकान २०१६ मध्येच बंद झालं, त्यामुळे दुकानात जाऊन निवांत चाळायची सवय आपली गेलीच आहे. आता धुळीत बसून चाळायचं.

लेकीला आज संध्याकाळी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, पण तू बाजू संपेपर्यंत बसशील का? तुला दोन मिनिटं बसवत नाही." मी म्हटलं, बसेन. ती म्हणाली, मग मीही बसते, पण एकच बाजू. आमच्या फ्लॅटची फरशी हलत नाही, तिने उठून चकरा मारल्या तरी सुई उडायची नाही. तरी नियम तोच ठेवणार आहे.

तर आता कामाचं. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, गावच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत मराठी किंवा शास्त्रीय रेकॉर्डी असतील आणि त्या काढायच्या असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला फोन करा. ठाण्यापासून कोल्हापूरपर्यंत कुठेही येईन, गाडी घेऊन, योग्य पैसे देऊन. फुटलेल्या असल्या तरी लेबलांचे फोटो पाठवा, नंबर टिपून ठेवेन. वाजवायच्या असतील आणि प्लेअर नसेल तर माझा आला की घरी या ऐकायला, रविवारी दुपारी. आणि जुने प्लेअर नीट दुरुस्त करणारा, बेल्ट बदलणारा माणूस ठाणे-डोंबिवली बाजूला कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, दोन ठिकाणी विचारलं, दोघंही नवीन घ्या म्हणाले.