खांदेदुखी आणि पट्टा : एक खुलासा

‘खांदेदुखी केवळ पोक काढून बसल्याने होते आणि खांदे मागे खेचणारा पट्टा दिवसभर बांधल्यास ती कायमची जाते’, हा सध्या फिरणारा संदेश अर्धसत्य आहे. पोक काढून हात वर उचलून पाहा, मग ताठ बसून उचला; पहिल्या वेळी खांद्याचे पाते पुढे झुकलेले असल्याने हात कमी वर जातो, हे बहुतेकांना स्वतःच जाणवेल. मात्र मधुमेहींमध्ये अधिक आढळणारा ‘फ्रोझन शोल्डर’ (खांद्याचा सांधा आखडून हालचाल कमी होणे) किंवा फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) पट्ट्याने बरी होत नाही. उपचारात मुख्य भर स्नायूंना हळूहळू बळ देणाऱ्या व्यायामांवर असतो आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. छातीत दडपण व घामासह खांदा दुखत असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणूनच तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.