दुधाच्या पट्टीवर दोन रेषा आल्या म्हणून दूध ओतून देऊ नका

दूध तपासण्याच्या पट्टीबद्दल एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: पट्टीवर थेंब टाका, दोन रेषा आल्या तर भेसळ, एक आली तर दूध शुद्ध. युरियापासून अँटिबायोटिकपर्यंत सगळं एकाच पट्टीत कळतं. शंका वाटली तर उकळा, दोष जातो. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली तर घातक आहे.

दोन रेषा म्हणजे दोष? नेमकं उलट. गरोदरपणाच्या पट्टीत शोधायचा रेणू मोठा असतो, त्याला दोन प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, अँटिबॉडी) एकदम धरतात आणि रेषा उमटते. अँटिबायोटिक किंवा अफ्लाटॉक्सिन एम1 (बुरशी लागलेल्या खाद्यातून दुधात उतरणारं विष) यांचा रेणू इतका लहान की त्यावर दोन प्रतिपिंडं मावत नाहीत. म्हणून इथे तपासणी रेषेवर तोच पदार्थ आधीच बसवलेला असतो. दूध निर्दोष असेल तर सोन्याच्या सूक्ष्म लाल कणांना जोडलेली प्रतिपिंडं त्या रेषेवर अडकतात आणि ती दिसते. दुधात त्या पदार्थाचा अंश असेल तर प्रतिपिंडं आधीच त्यात गुंततात. रेषा फिकट पडते किंवा उमटतच नाही. म्हणजे फक्त नियंत्रण रेषा (पट्टी नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेषा) दिसली तर दूध संशयित. नियंत्रण रेषाच आली नाही तर पट्टी बाद.

नुसता थेंब पुरतो? बऱ्याच किटमध्ये 200 मायक्रोलीटर दूध छोट्या कुपीत घेऊन तळाची पूड पूर्ण विरघळेपर्यंत ढवळतात, काही मिनिटं 40 अंश सेल्सिअसला ठेवतात, मग पट्टी बुडवून पुन्हा काही मिनिटं थांबतात. नेमक्या वेळा त्या किटच्या माहितीपत्रकातल्याच पाळायच्या. पहिला थांबा कमी केला तर अंश पकडायला वेळच मिळत नाही आणि सदोष दूध पास होतं. फ्रीजमधली डबी थंड असतानाच उघडली तर पट्टीला ओल धरते. नासलेलं दूध किंवा सायीचा थर पट्टीवर चढत नाही, म्हणून कॅन ढवळूनच सॅम्पल घ्या. चीक तपासू नका.

एका पट्टीत सगळं? पट्टी ज्या गटासाठी बनवली तेवढंच सांगते. बाकीच्यांच्या तपासण्या वेगळ्या: युरियाला डीएमएबी हे रसायन, स्टार्चला आयोडीन, पाण्यासाठी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांची मोजणी. मर्यादाही बघा: अफ्लाटॉक्सिन एम1 साठी भारतात किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, युरोपीय संघात 0.05. भारताच्या मर्यादेला जुळवलेली पट्टी युरोपला निघालेल्या मालासाठी कुचकामी.

उकळून दोष जातो? अफ्लाटॉक्सिन एम1 उकळण्याने जात नाही, पेनिसिलिनही बरंचसं टिकून राहतं. दोष गोठ्यातच रोखावा लागतो: बुरशी लागलेली सरकी पेंड आणि मका गाईला घालू नये, आणि कासदाहासाठी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली तर लेबलवरची मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये. हिशोब करून पाहा: एका गाईच्या 10 लिटर दुधात किलोला 800 मायक्रोग्रॅम पेनिसिलिन असलं, तर 1,000 लिटरच्या टाकीत ते सुमारे 8 होतं, युरोपीय मर्यादा 4 आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये अफ्लाटॉक्सिन एम1 मर्यादेबाहेर होतं, तर आरोग्याला घातक भेसळ 12 मध्ये. लोकांचा सगळा राग भेसळीवर आणि पेंडीच्या पोत्याकडे कुणाचं लक्ष नाही, ही खरी काळजीची गोष्ट.

संशयित निकाल आला तर तेच सॅम्पल नव्या पट्टीवर पुन्हा लावा. पुन्हा तसाच आला तर टाकी बाजूला ठेवा, सॅम्पल बर्फात घालून एलसी-एमएस (नेमका पदार्थ ओळखून त्याचं प्रमाण मोजणारं यंत्र) असलेल्या लॅबला पाठवा आणि प्रत्येक उत्पादकाचं दूध वेगळं तपासा.