दुधाला अफूच्या पंगतीला बसवण्याआधी

चीजची चटक लागते कारण त्यात अफूसारखे द्रव्य असते, हे विधान इतक्यांदा वाचनात आले की त्यातले खरे किती हे लिहावेसे वाटले.

खरा भाग विलक्षण आहे. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्यातील बीटा-केसीन ही २०९ अमिनो आम्लांची साखळी पचताना तुटते, तेव्हा सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटू शकतो आणि अफूतले मॉर्फिन ज्या म्यू रिसेप्टरवर (पेशीवरील संदेश घेणाऱ्या रेणूवर) काम करते, त्यालाच तो चिकटतो. हा बीटा-केसोमॉर्फिन-७. अशा पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, ओळख १९७९ मध्ये पटली. मॉर्फिनचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन त्यांचाही परिणाम रोखते. साखळीत ६७व्या जागी हिस्टिडिन असेल, म्हणजे दूध ए१ प्रकारचे असेल, तर हा तुकडा सहज सुटतो. ए२ मध्ये तेथे प्रोलिन असल्याने तो बंध सहसा तुटत नाही. मातेच्या दुधातील बीटा-केसीनमध्येही असे तुकडे दडलेले असतात, आणि मला तर हीच गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी वाटते.

परंतु रिसेप्टरला चिकटणे म्हणजे नशा चढणे नव्हे. या पेप्टाइडाची ताकद मॉर्फिनच्या तुलनेत फार कमी असते, आणि आतड्याच्या अस्तरातील व रक्तातील डीपीपी-४ हे एन्झाइम त्याचे तुकडे करते. त्याचा परिणाम शोधायचा तर आधी आतड्यात शोधावा, असे माझे ठाम मत आहे, कारण म्यू रिसेप्टर तेथेही असतात आणि ते उत्तेजित झाले की आतड्याची हालचाल मंदावते. जुलाबावरचे लोपेरामाइड याच मार्गाने काम करते, पण त्याला कोणी व्यसन लावणारे अन्न म्हणत नाही. २०१५ च्या ज्या अमेरिकी अभ्यासाचा हवाला चीजच्या व्यसनासाठी देतात, त्यात केसोमॉर्फिन मोजलेच नव्हते. लोकांना कोणते पदार्थ आवरत नाहीत, एवढेच विचारले होते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले, तेव्हा हे पेप्टाइड आणि मधुमेह, हृदयविकार किंवा स्वमग्नता यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला आढळला नाही. तरीही स्वमग्न मुलांच्या पालकांना दूध पूर्ण बंद करण्याचा सल्ला बेधडक दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो. यांतील अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांतून दूध काढले तर प्रथिने आणि कॅल्शियम कोठून मिळणार, हे सल्ला देणाऱ्याने त्याच वेळी सांगितले पाहिजे.