मगर आमची, बुटका कुणाचा?

बडोद्यात राहून पुतळ्यांचं वावडं असून चालत नाही. काळ्या घोड्यावर सयाजीराव महाराज, सूरसागर तलावात शंभर फुटांहून उंच शंकर, तोही आता सोन्याने मढवलेला. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी थेट इटलीहून फेलिची नावाचा शिल्पकार आणवला होता. एवढं पुरेना म्हणून की काय, २०१८ पासून केवडियाला १८२ मीटरचे सरदार उभे आहेत. अशा गावात एखादा बँकेतून निवृत्त झाला आणि स्वतःच्या टेनामेंटपुढचं अंगण त्याला रिकामं दिसू लागलं, की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आमच्याकडे आधी हरीण आलं. हायवेच्या कडेला सिमेंटची जनावरं विकायला मांडून ठेवतात, त्यातलं. रंग ऑइलपेंटचा, डोळ्यांत काजळ आणि चेहऱ्यावर उधारी मागायला आल्याचा भाव. सासूबाईंचा जन्म दांडिया बाजारातल्या वाड्यातला. अंगण म्हणजे तुळस आणि रांगोळी, संपलं. त्यांनी हरणाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्याला नैवेद्य लागत नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा पुढचा पाय गळाला आणि आतली सळई दिसायला लागली. यांनी त्या पायाला एम-सील लावलं. तेव्हापासून हरीण गुडघ्याचं ऑपरेशन करून आल्यासारखं उभं आहे.

मग माणसांना कळलं की आम्हाला 'आवड' आहे. गृहिणीने यापासून फार जपावं. लोक वाढदिवसाला पुस्तक देईनात, साडी देईनात. कुणी बेडूक आणला, कुणी बगळा, कुणी बुद्धाचं नुसतंच डोकं. ते डोकं बागेच्या नळाखाली ठेवावं असं यांचं म्हणणं, कारण तिथे 'शांतता' आहे. ज्याने राजवाडा सोडला त्याला आमच्या गळक्या नळाखाली बसवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी ते उचलून मोगऱ्यापाशी नेलं. भाच्याने प्लास्टर ऑफ पॅरिसची परी दिली होती. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात धड विरघळत नाही, नुसतं विद्रूप होत राहतं, हे गणपती विसर्जनाच्या निमित्ताने लहान पोरांनाही पाठ झालंय, पण भेट देताना कुणाला आठवत नाही. परी जुलैत नाकापासून सुरू झाली आणि ऑगस्टपर्यंत तिची भुताटकी झाली. कारंजंही होतं. पंप बंद पडला की त्यात पाणी साचायचं, आणि स्वच्छ साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवड्याभरात तयार होतात. फवारणीवाले येऊन ते पालथं करून गेले. ते मी तसंच पालथं ठेवलंय. वर कुंडी छान बसते.

वस्तू आणणं सोपं. घालवणार कशी? खुर्ची मोडली तर भंगारवाला नेतो. पण चेहरा असलेली वस्तू कुणी नेत नाही. पोट सुटलेला एक हसरा चिनी बुवा होता, हात तुटलेला. कचऱ्याच्या गाडीपाशी मी तो पुढे केला तर गाडीवरचा मुलगा दोन पावलं मागे सरकला. "बेन, आ तो भगवान छे. अमे नहीं लइए." मी म्हटलं, अरे, हा भगवान नाही, हा शोपीस आहे. त्याने बुवाला हात जोडले आणि गाडी पुढे नेली. बुवा अजून हसतोय.

यांचं वाचनही वाढलं. एके दिवशी गुलाबी प्लास्टिकचे दोन फ्लेमिंगो कुरिअरने आले, तारेच्या पायांवर. ही नक्षी १९५७ साली अमेरिकेतल्या डॉन फेदरस्टोन नावाच्या माणसाने काढली म्हणे. "अहो, आपल्या गुजरातचा राज्यपक्षीच आहे तो," मी म्हटलं, "कच्छात जाऊन खरे बघून येऊ या की." तर म्हणे, खरे काय, उडून जातात.

त्यानंतर मगर आली. फायबरची, पोकळ, पाच फुटी. विश्वामित्री नदीत खऱ्या मगरी शेकड्यांनी आहेत, पावसाळ्यात त्या सोसायट्यांतून हिंडतात, आणि आम्ही राहतो नदीकाठच्या अकोट्यात. म्हणजे लोक मगरीला घालवायला माणसं बोलावतात, आम्ही पैसे देऊन घरी आणली. कुरिअरवाले फाटकाबाहेरूनच पार्सल फेकू लागले. दूधवाल्याने भाव वाढवला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली फ्रिज आणि सोफा पाण्यात. पाणी ओसरलं आणि यांनी खिडकीतून बघून हळूच विचारलं, "आपली मगर आंब्याखाली असते ना?" ही तर फाटकाशी होती. चिखलाने माखलेली, तोंड आमच्याकडे. खरी मगरसुद्धा तासन्‌तास हलत नाही, हीच तर पंचाईत. मगरी पकडणाऱ्या पोरांना फोन केला. ती दोर, चिकटपट्टी, ओलं पोतं घेऊन आली. मगरीचा जबडा मिटताना भयंकर असला तरी उघडताना जोर कमी पडतो, म्हणून पट्टीने भागतं, असं त्यातल्या एकाने आम्हाला समजावलं. दुसऱ्याने मागून जाऊन डोळ्यांवर पोतं टाकलं, काठीने पाठीवर टकटक केली आणि कपाळाला हात लावला. "काका, आ तो फायबरनो छे!"

पोकळ ते तरंगतं, हा हिशेब तेव्हा कळला. फ्रिज गेला, सोफा गेला. सिमेंटचं हरीण, बेडूक, बगळा, बुवा सगळे गाळात पाय रोवून जागच्या जागी. आणि तुळशीपाशी एक जास्तीचा: लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा प्लास्टिकचा बुटका, हातात कंदील.

यांना लगेच वंशावळ आठवली. मूळचा जर्मनीचा. १८४७ च्या सुमाराला चार्ल्स आयशम नावाच्या जमीनदाराने असले वीसेक बुटके इंग्लंडमधल्या आपल्या बागेत नेले, त्यातला एकच आज शिल्लक आहे. बाकीचे कुठे गेले असतील याचा मला थोडा अंदाज आला.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. लोक गाळ उपसता उपसता येऊन बघून गेले. प्रत्येकाने लांबूनच मान हलवली. शेवटी मागच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "आमचाच हो. पण तुमच्याकडे किती रमलाय!" आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको आणून दिली, एकटा राहू नये म्हणून.

सासूबाई बाहेर आल्या, त्या बुटकीकडे पाहिलं, आणि सवाष्ण दारात आली म्हणून तिला हळदकुंकू लावलं. आता गाडीवरचा मुलगा काय म्हणेल ते मला पाठ आहे.