पाऊण तास नुसते प्रश्न, आवाजही नाही: तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. तक्रार अशी की आमच्या कायरोप्रॅक्टिक क्लिनिकमध्ये, म्हणजे मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करतात तिथे, पहिल्या भेटीत पाऊण तास नुसते प्रश्न विचारले, त्यातले काही आगाऊ होते. एक्स-रे काढला नाही, मानेला हात लावला नाही, पाठीवर दाब दिला तर ‘कट्ट’ आवाजसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी अंग इतकं ठणकलं की मूळ दुखणं परवडलं. आणि वर निघताना काउंटरवर 12 भेटींचं पॅकेज गळ्यात मारलं. तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते मी इथे चारचौघांत उघडणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलते.

शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. पहिल्या दिवशी कुणाला किती भेटी लागतील हे मलाच सांगता येत नाही, तर काउंटरवरच्या मुलाला कुठून येणार? ताज्या कंबरदुखीत बहुतेकांना काही आठवड्यांत तसाही उतार पडतो. चार-सहा भेटींत काहीच फरक नसेल तर तेच रेटत बसायचं नसतं, थांबून नव्याने तपासायचं असतं. पॅकेजचा कागद काउंटरवरून काढून टाकलाय.

दुसऱ्या दिवशीचं ठणकणं हेही आम्ही आधी सांगायला हवं होतं. मणक्यांवर हाताने उपचार घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना अंग दुखणं, जडपणा, थकवा, क्वचित डोकेदुखी असं काहीतरी होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. तुम्हाला हे माहीत असतं तर ती रात्र निदान धास्तीत गेली नसती. दोन दिवसांनीही दुखणं वाढतच असेल, किंवा हातापायात बधिरपणा आला, ताकद कमी वाटली, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

आवाजावरून मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. आमच्या नावाने बोटं मोडलीत, हरकत नाही. पण खरोखरची बोटं मोडताना जो आवाज येतो ना, तोच हा. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याची टोकं झटकन लांब गेली की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय चालू असताना बोट ओढून हे चित्रात पकडलं. एकदा मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही, साधारण 20 मिनिटं जावी लागतात. आत्ता करून बघा. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण हाड जागचं हललेलंच नसतं. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट जात नाही, आणि मोठा आला म्हणून जास्त गुणही येत नाही. (व्हिडिओत माइक रुग्णाच्या मानेशी लावलेला असतो, तो भाग वेगळा.)

हा गैरसमज आमच्याच लोकांनी पोसलाय. 1895 साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं, तेव्हापासून ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ हीच भाषा चालत आली. त्यांच्या पहिल्या रुग्णाची गोष्ट तर पाठदुखीचीही नाही, गेलेलं ऐकू येणं परत आल्याची सांगतात. तेव्हा दमा, ब्लडप्रेशर, बहिरेपणा यांसाठी कुणी मणके दाबून घ्या म्हणालं तर सरळ उठून या, मग ते मी असले तरी. पुरावा आहे तो मुख्यतः कंबरदुखीसाठी, थोडाफार मानदुखीसाठी, आणि तोही माफक. अमेरिकन फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी औषधाविना जे उपाय सुचवले त्यात शेक आहे, मालिश आहे, अ‍ॅक्युपंक्चर आहे, आणि त्याच पंगतीत आम्ही आहोत.

आता ते ‘आगाऊ’ प्रश्न. लघवी-संडासवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधला भाग बधिर तर नाही ना, हे विचारताना आम्हालाही अवघडतं. पण उत्तर गडबडीचं आलं तर कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबलेला असू शकतो, आणि मग टेबलावर झोपवायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवायचं असतं. ताप, उगाच घटलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, नुकतं पडणं, ठिसूळ हाडं, स्टेरॉइड, रक्त पातळ करायच्या गोळ्या, एकेका प्रश्नामागे असंच कारण आहे. मानेच्या बाबतीत तर मी जास्तच भित्री आहे. मानेतल्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात होणं फार दुर्मिळ, पण मानेला झटका दिल्यानंतर तसं घडल्याच्या नोंदी आहेत. कधी कधी रुग्ण ज्या दुखण्यासाठी येतो ते त्या चिरेचंच असतं. अचानक उठलेली, कधी अनुभवली नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं यातलं काही असेल तर आमच्याकडे येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

एक्स-रेचं थोडक्यात: वर सांगितलेलं काही नसेल तर कंबरदुखीच्या पहिल्या 6 आठवड्यांत फोटो काढून उपचार सहसा बदलत नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांचा एमआरआय केला तरी साधारण 30 टक्के जणांत मणक्यांमधल्या गादीचा फुगवटा सापडतो. असा रिपोर्ट हातात पडला की धडधाकट माणूस वाकायला घाबरतो.

उरलेल्या 11 भेटींचे पैसे या आठवड्यात तुमच्या खात्यात येतील, त्यासाठी क्लिनिकमध्ये यायची गरज नाही. तपासणीच्या नोंदींची प्रत हवी असेल तर काउंटरवर निरोप ठेवा. दुसऱ्या कुणाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर निदान त्या पाऊण तासाच्या प्रश्नांची उत्तरं परत द्यायला लागणार नाहीत.