फळाची अपेक्षा नाही, फक्त नाव नीट छापा

गीता उघडण्यापूर्वी थोडं व्याकरण पक्कं करून घ्या. 'कर्मण्येवाधिकारस्ते' यातला 'ते' म्हणजे 'तुझा'. तुझा अधिकार फक्त कर्मावर. दुसऱ्या अध्यायातला हा 47 वा श्लोक द्वितीय पुरुषात आहे, 'माझा' असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. एवढं ध्यानात आलं की 700 श्लोकांचं ओझं एकदम हलकं होतं. गीता आपण ऐकायची नसतेच मुळी, ती समोरच्याला ऐकवायची असते.

समोरचा कोण, ते प्रसंग पाहून ठरवा. मार्च संपत आला, हाताखालचा मुलगा केबिनच्या दारात घुटमळून पगारवाढीचं काढू लागला, की खुर्चीत मागे रेला आणि म्हणा, "अरे, आपण काम करत राहायचं. फळ देणारा वर बसलाय." (वर म्हणजे कोणत्या मजल्यावर, हे त्याला विचारू देऊ नका.) गणपतीत पंचवीस माणसांचं पान एकटीने वाढून सून ओट्याला टेकली, की तिला निष्काम कर्मयोग सांगावा. हात पुसता पुसता ऐकेल बिचारी. मंडळाच्या पोरांना तर रात्री अकराला खुर्च्या उचलताना सांगावा, तेव्हा तो विशेष पटतो.

मात्र श्लोक अर्ध्यावर थांबवायला शिका. शेवटच्या चरणात 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' आहे. काही न करण्याचीही आवड धरू नकोस. आणि हा 'ते' फार बेभरवशाचा, खुर्चीत रेललेल्या माणसाकडेही वळू शकतो. गीता कर्म सोडायला नव्हे, करायला सांगते, हे लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात बसून मांडलं. 1915 साली छापून आलेलं ते 'गीतारहस्य' तुमच्या काचेच्या कपाटात असेलच. असू द्या. चांगलं जाड आहे, ऑनलाइन मीटिंगमध्ये पाठीमागे भारदस्त दिसतं. विनोबांची गीतेवरची प्रवचनं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेवरची मराठीतली ही दोन्ही मोठी कामं तुरुंगातली, याचं नवल वाटायला नको. तिथे फ्लेक्स लावू देत नसावेत, मग माणूस करणार काय?

आता मनःशांती. स्थितप्रज्ञाबद्दल अर्जुनाने किती मुद्द्याचं विचारलं होतं पाहा: तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? म्हणजे, दिसतो कसा. श्रीकृष्णांनी उत्तरात मनातल्या कामना सोडण्याचं काढलं, आसक्ती-भय-क्रोधाचं सांगितलं, कासव अवयव आत ओढून घेतं तसं इंद्रियांचं सांगितलं, आणि अर्जुनाचा व्यावहारिक प्रश्न तसाच राहून गेला. तो आपण सोडवू. बोलतो कसा? हळू. इतका हळू की समोरच्याला पुढे झुकावं लागेल, झुकला की फोटो चांगला येतो. बसतो कसा? पहिल्या रांगेत, राखीव कागद चिकटवलेल्या खुर्चीवर, डोळे अर्धे मिटून. पूर्ण मिटू नका, डुलकी लागते आणि मग घोरण्याला समाधी म्हणावं लागतं. चालतो कसा? चपलांच्या दिशेने. नव्या कोल्हापुरी चपला देवळाबाहेर काढल्या असतील तर मन आपोआप एकाग्र होतं, दीड तास दुसरा विचार शिवत नाही. विषयाच्या ध्यानातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध ही दुसऱ्या अध्यायातली सगळी साखळी चप्पलस्टँडपाशी सात मिनिटांत अनुभवता येते. त्यासाठी पुस्तक लागत नाही.

भक्तीकडे वळताना नवव्या अध्यायापासून सावध राहा. पान, फूल, फळ, पाणी, यातलं काहीही भक्तीने दिलं तरी मी घेतो, असं देव तिथे म्हणून बसला आहे. भाबडेपणा! तुळशीच्या पानावर देणगीदाराचं नाव कोरायचं कसं? पाण्यावर तर बोलायलाच नको. म्हणून पुढल्या पिढ्यांनी फरशी, बाक, घड्याळ आणि पंखा यांची सोय केली. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची व्याख्या आहे, तीही वाचून ठेवा, म्हणजे कुठे फसायचं नाही ते कळेल. द्यायचं म्हणून द्यावं, आणि 'अनुपकारिणे', जो परतफेड करू शकणार नाही अशाला द्यावं. असा माणूस सोसायटीच्या निवडणुकीत काय कामाचा?

सोळाव्या अध्यायात एक जण मात्र अगदी आपल्यासारखं बोलतो. आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? 'यक्ष्ये दास्यामि मोदिष्ये'. यज्ञ करीन, दान देईन, मौज करीन. शुद्ध प्रथम पुरुष! वाचताना वाटतं, अरे, हे तर आपल्या वार्षिक सभेतलं अध्यक्षीय भाषण. फक्त वरच्या ओळी वाचू नका. तिथे हे आसुरी संपत्तीच्या माणसाचं बोलणं आहे असा उल्लेख येतो आणि जेवणाची चव जाते.

ज्ञानेश्वरांचा व्यवहार तर विचारूच नका. नेवाशात शके 1212 मध्ये, नऊ हजारांच्या घरात ओव्या सांगून झाल्यावर देवाकडे 'तोषोनि मज द्यावें' म्हणाले. 'मज'! इथवर सुरुवात किती आश्वासक. आणि मागितलं काय? खळांची व्यंकटी सांडो. प्रत्येक जीवाला जे हवं ते लाभो. स्वतःसाठी साधी एक फरशीसुद्धा नाही. आपण पसायदान म्हणताना 'मज द्यावें'वर ठेवणीतला आवाज लावावा आणि पुढचं जरा लगबगीने उरकावं. नाहीतरी त्या वेळी लोक प्रसादाच्या रांगेकडे सरकत असतात.

तेव्हा वैशाखात प्रवचनमाला ठेवा आणि सभामंडपाला पंखा द्या. पंख्याला तीन पाती असतात, ती पुरतात. एकावर 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ', दुसऱ्यावर आपलं नाव, तिसऱ्यावर पदव्या आणि गाव, लाल ऑइलपेंटने. अडचण एकच. पंखा फिरू लागला की तीर्थरूप, तुम्ही आणि गाव, सगळं एका राखाडी चकतीत विरून जातं. द्वैत मावळतं म्हणतात ते हेच असावं, पण आपल्याला ते परवडणारं नाही. म्हणून प्रवचनाचे दोन तास पंखा बंद ठेवायला सांगा. लोक पदराने, उपरण्याने, आमंत्रणपत्रिकेने वारा घेतील, माना वर करतील आणि पाती वाचतील. बुवांनाही विषय आधीच देऊन ठेवा: थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात. एवढ्यावरही मागच्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याने घाम पुसत बटणाकडे हात नेलाच, तर तो हलकेच धरा आणि दुसऱ्या अध्यायातला 14 वा श्लोक त्याच्या कानात म्हणा. 'तांस्तितिक्षस्व'. ते सहन कर. हाही द्वितीय पुरुषीच आहे.