‘नियोजन जमलं की सगळं जमतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत मास्टर्स आणि डायटेटिक इंटर्नशिप (आहारतज्ज्ञ होण्यासाठीचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) एकत्र करण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक पालक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख मुलींना घाबरवणारा आहे, परदेशात बसून अडचणींचं कौतुक सांगायची काहींना हौस असते, नोकरी सांभाळून एमबीए करणारे हजारो आहेत, वेळेचं नियोजन जमलं की सगळं जमतं, मास्टर्स काय, नंतर सवडीने करता येतं, फीबद्दल अवाक्षर नाही, आणि लेख फार लांब आहे.

लेख लांब आहे, हे एकदम मान्य. मधे उपशीर्षकं हवी होती, ती टाकते.

आता हौसेबद्दल. लेखात ‘जाऊ नका’ असं एक वाक्य दाखवा. ‘काय विचारून जा’ एवढंच त्यात होतं. माहिती दिली तर घाबरवलं, नाही दिली तर ‘आधी कुणी सांगितलंच नाही’. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुद्दा खोडा, जरूर खोडा. पण ज्या बाईला ओळखत नाही तिच्या हेतूवर दुसऱ्याच ओळीत घसरायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. मी इथे रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि इंटर्नने लिहिलेल्या नोंदीवर माझी सही झाल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही. तेव्हा हे कुणाकडून ऐकून लिहिलेलं नाही.

बरं, ‘वेळेचं नियोजन जमलं की सगळं जमतं.’ मला खरं उत्तर द्यायचंय ते याच वाक्याला. नियोजन स्वतःच्या ताब्यातल्या वेळेचं करता येतं. इंटर्नचा वेळ तिच्या ताब्यात नसतो.

आधी साधा हिशोब. अकेंड, म्हणजे इथल्या आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था, तिच्या २०२२ च्या मानकांप्रमाणे देखरेखीखालच्या कामाचे किमान १००० तास लागतात. बरेच कार्यक्रम त्याहून जास्त ठेवतात. आठवड्याला चार दिवस, रोज आठ तास धरले तर हे ३२ आठवडे झाले. त्याच सत्रात नऊ क्रेडिट घेतले तर क्रेडिटमागे एक तास वर्ग आणि दोन तास अभ्यास या सर्वसाधारण मापाने आणखी २७ तास. ३२ आणि २७ मिळून ५९, आणि त्यात प्रवास, केस स्टडी, रोटेशनचे, म्हणजे एकेका विभागातल्या पाळीचे, प्रकल्प धरलेले नाहीत. इथपर्यंत तुमचा एमबीएवाला म्हणेल, ‘मग काय झालं, मीही ६० तास करतो.’ करतो ना. पण तो लॅपटॉप घरी नेतो. रुग्णाची माहिती घरी नेता येत नाही. इथल्या हिपा या रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली रुग्णाची ओळख पटेल असा कागद इंटर्नच्या पिशवीत सापडला तर रोटेशन तिथेच थांबू शकतं. म्हणजे राहिलेली नोंद रात्री जेवण झाल्यावर लिहू, हा पर्यायच नाही. ती दवाखान्यातच, प्रिसेप्टर, म्हणजे देखरेख करणारी आहारतज्ज्ञ, घरी जायच्या आत पुरी करावी लागते.

आणि नोंद म्हणजे दोन ओळी नव्हेत. अतिदक्षता विभागातला एक रुग्ण घ्या: वजन ६० किलो, व्हेंटिलेटरवर, नळीतून आहार. किलोमागे ३० कॅलरी धरून १८०० लागतात. दीड कॅलरी प्रति मिली ताकदीचा फॉर्म्युला तासाला ५० मिली लावला की हिशोब जुळला, असं नव्या इंटर्नला वाटतं. पण रुग्णाला झोपेसाठी प्रोपोफॉल चालू आहे, तासाला १५ मिली. ते औषध चरबीच्या द्रावणात येतं आणि त्याच्या प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी असते, दिवसाला ३९६. त्या वजा केल्या की फॉर्म्युला तासाला ४० मिलीवर आणावा लागतो. आणला, तर प्रथिनं कमी पडतात: अशा फॉर्म्युल्यात लिटरला साधारण ६५ ग्रॅम, म्हणजे ९६० मिलीत ६२. किलोमागे १.२ ग्रॅम या किमान हिशोबानेही ७२ हवीत. वरचे दहा ग्रॅम प्रथिनांची पावडर वेगळी लावून द्यायचे. हे सगळं करून, सही घेऊन ती घरी जाते, आणि रात्री डॉक्टर प्रोपोफॉल बंद करतात. सकाळी त्याच रुग्णाला फॉर्म्युल्यातून १८०० ऐवजी १४४० कॅलरीच मिळताहेत. पुन्हा पहिल्यापासून. हे कुठल्या प्लॅनरमध्ये आदल्या दिवशी लिहिता येतं, सांगा.

सुरुवातीला असा एक रुग्ण बघून नोंद करायला दोन-दोन तास जातात. शेवटच्या टप्प्यात ‘स्टाफ रिलीफ’ असतो, म्हणजे प्रिसेप्टर बाजूला राहते आणि इंटर्न पूर्ण आहारतज्ज्ञाचा भार उचलते. त्याच आठवड्यांत विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा आल्या तर कोणती तरी एक बाजू कोसळते. बहुतेक वेळा अभ्यासाची, कारण रुग्णाला ‘पुढच्या सोमवारी देते’ सांगता येत नाही.

किचनचं रोटेशन सोपं, असा एक गैरसमज आहे. न्याहारीची ट्रे लाइन, म्हणजे रुग्णांचे ट्रे भरायची रांग, पहाटे सुरू होते, इंटर्नने त्याआधी उभं राहायचं. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड ४१ च्या खाली आहेत का, हे थर्मामीटर खुपसून नोंदवायचं. शिजवलेलं थंड करायचं तर दोन तासांत १३५ वरून ७० आणि पुढच्या चार तासांत ४१. पहिल्या दोन तासांची वेळ चुकली तर पुन्हा नीट तापवायचं, नाही तर टाकायचं. खोल भांड्यातलं घट्ट सूप इथे हमखास दगा देतं, म्हणून ते उथळ ट्रेमध्ये पसरतात. असा दिवस काढून संध्याकाळच्या संख्याशास्त्राच्या वर्गाला बसायचं आणि दुसऱ्या दिवशी परत पहाटे हजर. म्हणून लेखात म्हटलं होतं, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात उरका. क्लिनिकलच्या सत्रात प्रगत वैद्यकीय आहारशास्त्राचा विषय घ्या, कारण दिवसा पाहिलेलं संध्याकाळी वर्गात येतं. आणि प्रबंधाऐवजी कॅपस्टोनचा, म्हणजे शेवटी करायच्या प्रकल्पाचा, पर्याय असेल तर तो आधी बघा. प्रबंधाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, माहिती रुग्णालयातली असेल तर बहुधा त्यांच्याही समितीची, आणि या समित्या तुमच्या रोटेशनचं वेळापत्रक बघून बसत नाहीत. शिवाय ताटात उरलेल्या जेवणाचं वजन करण्यासारखा साधा प्रकल्पसुद्धा संशोधनात मोडतो की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. याला तुम्ही घाबरवणं म्हणता. मी याला विषयांचा क्रम लावणं म्हणते, आणि नियोजनाला इथे जी काही जागा आहे ती एवढीच. तीही प्रवेश घेण्याआधी.

मास्टर्स ‘सवडीने नंतर’ करता येईल, हे तुम्ही कुठे वाचलंत माहीत नाही. १ जानेवारी २०२४ पासून सीडीआरने, म्हणजे आहारतज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, आरडीएनच्या (नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या) परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी सक्तीची केली आहे. आधी पदवीवर चालायचं. आता पदव्युत्तर पदवी आणि तास दोन्ही झाल्याशिवाय परीक्षा नाही.

फीचा आकडा दिला नाही कारण विद्यापीठागणिक तो बदलतो आणि कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आहे. जे तिथे सापडत नाही ते मी लिहिलं होतं: इंटर्नशिपचा पगार बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि फी माफ करणारी असिस्टंटशिप साधारण आठवड्याला २० तासांची असते. ते २० वरच्या ५९ मध्ये मिळवून बघा.

आपल्याकडून येणाऱ्या मुलींसाठी दोन-तीन गोष्टी मात्र पुन्हा सांगते, त्या तुमच्या रागात झाकल्या गेल्या. भारतातली पदवी मूल्यांकन संस्थेकडून तपासून घेतली तरी डीपीडीचे, म्हणजे इंटर्नशिपच्या आधी लागणाऱ्या आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे, राहिलेले विषय इथे करावेच लागतात. ते किती, हे त्या विद्यापीठाचा डीपीडी संचालक ठरवतो. व्हिसावर पूर्णवेळ म्हणजे बहुतेक ठिकाणी नऊ क्रेडिट. इंटर्नशिपचे क्रेडिट त्यात धरतात का, यावर सगळा मेळ अवलंबून आहे. आठवड्याला २० तासांच्या वर सीपीटी (शिकत असताना व्हिसावर अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) पूर्णवेळ धरतात आणि ते १२ महिने झालं की त्या पदवीचं ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) गेलं. १२०० तास ठेवणारा कार्यक्रम आठवड्याला २४ तासांनी केला तर ५० आठवडे, म्हणजे वर्षाला दोनच आठवडे कमी. ‘जरा सावकाश करू’ म्हणणारी इथे अडकते. आणि क्षयाची चाचणी: आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, त्याचा अहवाल, आणि रुग्णालयात पाऊल टाकायची तारीख पुढे. रक्ताची चाचणी मागून घ्या. गोवर आणि कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचे अहवाल निघायच्या आधीच काढून ठेवा.

तुमच्या मुलीने कार्यक्रमाच्या संचालकांना विचारायचं ते हे: रुग्णालयातली जागा तुम्ही लावून देता की प्रिसेप्टर आम्हीच शोधायचे? दूरस्थ इंटर्नशिपमध्ये बऱ्याचदा स्वतः शोधावे लागतात, आणि विद्यापीठ व रुग्णालय यांच्यातला करार व्हायलाच काही महिने जातात. क्लिनिकलच्या सत्रात किमान किती क्रेडिट घ्यावे लागतात? पूर्ततेचा दाखला तास संपल्यावर मिळतो की पदवी हातात पडल्यावर? पदवीनंतर असेल तर मधल्या महिन्यांत अभ्यास शिळा होतो, आणि परीक्षेत नापास झालं की पुढचा प्रयत्न ४५ दिवसांनी.

हे विचारणारा मेल मुलीलाच लिहू द्या. पालकांनी लिहिलेला मेल इथे अर्जदाराच्या बाजूने मोजत नाहीत.